दादांनी मागितलेली ओवी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)





दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला कुणी ना कुणी शिकलेल्या बाई बाहेरून येतात, चांगले चार विचार सांगून जातात. यंदा चिटणीसबाईंनी ठरविले की मंडळातल्याच कुणीतरी बोलावे, आणि माझे नाव पुढे केले. मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली. चूल आणि मूल याच्यापुढे मला काय येते?" त्या म्हणाल्या, "तुम्ही वामनदादांना पाहिलेलं आहे ना? तेच सांगा." तेव्हा मी कबूल झाले. वामनदादा कर्डक यांचे नाव निघाले म्हणजे मला नाही म्हणता येत नाही. आणि त्यांच्या नावाबरोबर माझ्या हातून घडलेली एक चूकही मला आठवते. ती चूक आज तुमच्यापुढे सांगून टाकावी, असे मनाने घेतले.

माझे माहेर नांदेडचे. पण मूळ गाव नांदेड नव्हे, तिथून एस.टी.ने दीड तासाच्या वाटेवरचे खेडे. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर खेडोपाडी जे झाले ते इथल्या वडीलधाऱ्या मंडळींना ठाऊक आहे. आमच्या गावी आमची घरे जळाली. त्या वेळी माझा जन्मही झालेला नव्हता. माझी आजी घरातली सगळी लेकरे घेऊन रात्रभर कमरेएवढ्या ज्वारीत बसून राहिली, आणि पुढे सगळे घरच नांदेडला येऊन राहिले. बाप गवंड्याच्या हाताखाली कामाला लागला. आजीला आम्ही मोठी माय म्हणत असू. तिने गावाहून येताना एक जाते तेवढे आणले. बाकी काही उरलेच नव्हते.

माझा जन्म नांदेडचाच. आमच्या वस्तीत एप्रिल उजाडला की घरोघरी पांढरा चुना लागायचा, निळी निशाणे लागायची आणि कर्ण्यावर भीमगीते सुरू व्हायची. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ही नावे आम्हा पोरांना शाळेतल्या मास्तरांच्या नावांइतकी पाठ होती. पण गाणे कुणीही म्हणो, शेवटच्या कडव्यात पुष्कळदा एकच नाव यायचे, वामन. लहानपणी मला वाटे, वामन हा गाण्यातलाच कुणी माणूस असेल. बापाने सांगितले, "अगं, तो गाणं लिहिणारा आहे. नाशिकाकडला आहे. आपल्यातलाच आहे." तेव्हापासून मी शंभर पानी वहीत गाणी उतरून घेऊ लागले. टेप थांबवायचा, एक ओळ लिहायची, पुन्हा लावायचा. टेपही आमचा नव्हे, शेजारच्यांचा. त्यामुळे फार वेळा थांबवला की ते रागवायचे. मग जे ऐकू आले नाही ते मी मनानेच भरून टाकी.

सातवी झाले आणि माझी शाळा सुटली. धाकटी भावंडे सांभाळायला घरात कुणी पाहिजे होते. त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही, तेव्हा आमच्यासारख्या घरी असेच चालत होते. ते १९९४ साल. त्याच वर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा १९७८ मध्ये आणि नांदेडच्या गौतम वाघमारे यांचा १९९३ मध्ये त्या लढ्यात प्राण गेलेला, त्यामुळे आमच्या वस्तीत त्या दिवशी हसणे आणि रडणे दोन्ही एकदम झाले. मोठी माय दारात बसून राहिली होती. ती एवढेच म्हणाली, "नाव लागलं बाई." माझी शाळा मात्र त्याच उन्हाळ्यात सुटली. वही तेवढी हातात राहिली.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९९५ च्या मे महिन्यात, आमच्या वस्तीत दादांचा कार्यक्रम ठरला. जयंतीचे कार्यक्रम आपल्याकडे १४ एप्रिलला संपत नाहीत, पुढे महिनाभर चालतात, हे तुम्ही जाणताच. दादांचे वय तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. १५ ऑगस्ट १९२२ चा त्यांचा जन्म, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा. ह्या वयातही ते गावोगाव फिरत, आणि जिथे कार्यक्रम तिथल्याच एखाद्या घरी उतरत. आमच्या वस्तीत कुणाच्या घरी उतरवावे यावर पंच मंडळींत बराच वाद झाला. ज्याचे त्याचे म्हणणे, आमच्याच घरी. शेवटी आमच्या अंगणात लिंबाचे झाड होते आणि रात्री वारा चांगला येई, म्हणून आमचे घर ठरले. त्या झाडाचे माझ्यावर उपकार आहेत.

मायने दोन दिवस आधी अंगण सारवले. ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, पिठले आणि शेंगदाण्याची चटणी, असा बेत केला. तिच्या मनात गोडाचे करायचे होते. पण बाप म्हणाला, "ते खेड्यापाड्यात फिरणारे माणूस आहे, आपलं जेवण त्यांना गोड लागेल." आणि तसेच झाले. दादा आले तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे गेले आणि पाया पडायचेच विसरले. नुसती पाहत उभी राहिले. मला वाटले होते, एवढी गाणी लिहिणारा माणूस धिप्पाड, मोठ्या आवाजाचा असेल. आमच्या अंगणात तर एक थकलेले म्हातारे माणूस, साधा पांढरा सदरा, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ. आमच्याच गावाकडचा एखादा चुलता आल्यासारखे वाटले.

रात्री दहाला कार्यक्रम सुरू झाला. चार बाजा जोडून त्यावर फळ्या टाकून मंच केला होता. पेटी आणि ढोलकी बरोबरच्या मंडळींनी धरली. दादांनी सूर लावला आणि ते थकलेले माणूस कुठे गेले कुणास ठाऊक. एक गाणे झाले की ते त्या गाण्याचा अर्थ साध्या बोलीत सांगत, बायांकडे पाहून सांगत. पोरांना शिकवा, दारूवर पैसा घालवू नका, पोरीला पोरासारखी वागवा. हे सगळे आम्ही भाषणांतून ऐकलेले होते. पण भाषण ऐकून घरी गेले की विसरते, आणि गाणे दुसऱ्या दिवशी भांडी घासताना आपोआप तोंडी येते. दादांनी केले ते हेच. ज्या बायांना अक्षर ठाऊक नव्हते त्यांच्या तोंडी त्यांनी बाबासाहेबांचा विचार ठेवला. रात्री दोन वाजले तरी एक बाई उठून गेली नाही.

दादा आमच्या अंगणात लिंबाखाली बाजेवर निजले. आता मला सांगायचे आहे ते पुढचेच.

मोठी मायची सवय पहाटे पाचला उठण्याची. पीठ तोवर गिरणीतून येऊ लागले होते. परंतु उन्हाळ्यात वर्षाची तूर ती घरच्या जात्यावरच भरडायची. गिरणीच्या डाळीला चव नाही म्हणायची. त्या दिवशीही तिने जाते मांडले आणि सवयीने ओवी सुरू केली. पाहुणे निजलेले आहेत हे तिच्या ध्यानी राहिले नाही. मी तिच्या समोर बसून खुंट्याला हात लावला होता. थोड्या वेळाने पाहते तो दादा उठून उंबऱ्याशी येऊन बसलेले. हलले नाहीत, बोलले नाहीत. मायने चहा आणून ठेवला, तोही तसाच गार झाला.

मोठी मायची नजर गेली तशी ती लाजून थांबली आणि डोईवर पदर ओढून घेतला. दादांनी हात जोडून तिला पुढे म्हणायची विनंती केली. ह्या ओव्या कुणाच्या, असे विचारले. ती म्हणाली, "कुणाच्या असतील दादा, माझ्याच. दळता दळता सुचतात."

तिच्या ओव्या बहुतेक बाबासाहेबांच्या आणि रमाईच्या होत्या. एकीत बाबासाहेबांच्या कोटाचे वर्णन होते. एकीत पाटी घेऊन शाळेत निघालेला नातू होता, आणि त्या पाटीवर काय लिहिले आहे ते आजीला कळत नाही, म्हणून ती नुसता पाटीवरून हात फिरवते, असे होते. पण सात-आठ ओव्या वेगळ्या होत्या. त्या गाव जळाल्याच्या रात्रीच्या होत्या. ज्वारीत बसलेली लेकरे, कुणाच्या तोंडावर हात दाबून धरला, कुत्रे कोणत्या बाजूला भुंकत होते, सकाळी परत आल्यावर कुणाच्या घराचे काय शिल्लक होते. घराघराचे नाव घेऊन ती म्हणत होती. आमचे गाव लहान, त्याची बातमी कुठे छापून आलेली नाही. ती रात्र जशीच्या तशी होती ती एवढ्या सात-आठ ओव्यांत.

ऐकून झाल्यावर दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला जवळ बोलावून वाचता-लिहिता येते का, असे विचारले. मी पळत जाऊन माझी शंभर पानी वही आणली. त्यांनी पाने उलटून पाहिली. त्यांच्याच गाण्यात मी मनाने भरलेले शब्द होते. आता रागावतील म्हणून मी खाली पाहत उभी होते. ते रागावले नाहीत, एकही शब्द खोडला नाही. आजीच्या सगळ्या ओव्या अशाच वहीत उतरून घे, आणि त्याची एक नक्कल मला पाठव, असे त्यांनी मला सांगितले. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने आपला पत्ता लिहिला. एकेक अक्षर सावकाश, वळण धरून. मी म्हटले, "लिहिते दादा." तेव्हा मात्र पायावर डोके ठेवायला मी विसरले नाही.

बापाने त्याच दिवशी टपालाचे पाकीट आणून दिले. ते मी आरशाच्या मागे खोचून ठेवले.

मायबहिणींनो, ते पाकीट मी कधी टाकले नाही.

का टाकले नाही, असे तुम्ही विचाराल. वेळ नव्हता म्हणू तर खोटे होईल. मी दोनदा लिहायला बसले. मोठी माय ओवी म्हणे तशी आपल्या बोलीत, मला ती शाळेच्या बोलीत लिहावीशी वाटे. तसे लिहिले की ओवी मोडे. बोलीत लिहिले की मला लाज वाटे. ऱ्हस्व-दीर्घाची खात्री नव्हती. एवढ्या मोठ्या कवीला चुकीच्या वेलांट्यांचा कागद पाठवायचा, ते काय म्हणतील, सातवी शिकून हेच का, असे मनात येई. दोन ओव्या लिहिल्या आणि वही मिटली. म्हटले, अक्षर सुधारू दे, मग लिहीन. मोठी माय अधूनमधून विचारायची, "लिवलं का गं दादाला?" मी म्हणायची, "लिहू लालेय की."

१९९८ च्या हिवाळ्यात मोठी माय गेली. सगळ्या ओव्या तिच्याबरोबर गेल्या. मला नुसत्या दोन आल्या, लिहून ठेवलेल्या. त्यात जळाल्या रात्रीची एकही नाही. मायला विचारले, आत्याला विचारले. प्रत्येकीला एखाददुसरा तुकडा आठवे, पुढचे आठवत नसे. "ती म्हणायची ना, आम्ही नुसतं ऐकायचो," असे त्या म्हणत. मलाही तसेच वाटत आले होते. म्हणणारी आहे, मग आपण पाठ कशाला करायचे?

१९९९ साली माझे लग्न होऊन मी लातूरला आले. वही पेटीत घालून आणली, पाकीटही आणले. इथे नव्या संसारात वही पेटीतच राहिली. आमच्या गल्लीत तेव्हा वाचता येणाऱ्या बाया थोड्या. शेजारची एक म्हातारी मावशी तिच्या पुण्याला कामाला गेलेल्या लेकाचे पत्र घेऊन माझ्याकडे यायची. मी वाचून दाखवायची. ती तेच पत्र तीन-तीनदा वाचायला लावायची. मला एवढेच वाटायचे की माझ्या सातवीचा कुणाला उपयोग होतो आहे.

१५ मे २००४ रोजी नाशिकला दादांचे निधन झाले. पुढे महिना-सव्वा महिन्याने, २३ जूनला, प्रल्हाद शिंदेही गेले. एकाच उन्हाळ्यात आमच्या लहानपणाचे शब्दही गेले आणि आवाजही गेला. माझे लेकरू तेव्हा दोन वर्षांचे. नाशिकला जाणे शक्य नव्हते. मी पेटी उघडली, वही काढली आणि दादांच्या हातचा तो पत्ता पाहत बसले. आता पाठवायचे कुणाला?

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या यजमानांनी मला दादांचे आत्मकथन वाचायला आणून दिले. 'माझ्या जीवनाचं गाणं' असे त्याचे नाव, १९९६ साली निघालेले आहे. दादांच्या आयुष्याबद्दल मी आणखीही ज्यात त्यात वाचू लागले, जाणत्या मंडळींना विचारू लागले. आणि जे कळले त्याने मी हबकून गेले. दादा शाळेत शिकलेले नव्हते! मुंबईला आले तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हते. कोळशाच्या वखारीत काम केले, खडी फोडली, आईसफ्रूट विकले, चाळीत राहिले. त्या चाळीत एकाने आपले पत्र वाचून दाखवायला त्यांच्यापुढे धरले आणि त्यांना ते वाचता आले नाही. त्याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून ते बाराखडी शिकले, आणि रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचून वाचून जोडाक्षरे शिकले. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे लिहिले. पुढे हजारो लिहिली. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' अशी पुस्तके निघाली. १९९३ साली वर्ध्याला पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरले, त्याचे ते अध्यक्ष झाले.

हे वाचताना मला आमचे अंगण दिसत होते. माझी वही चाळणारे, एकही चूक न खोडणारे दादा दिसत होते. सावकाश लिहिलेला पत्ता दिसत होता. वयामुळेही हात सावकाश चालला असेल, पण मला त्याचा अर्थ वेगळा लागला. ज्या माणसापुढे मी माझ्या वेलांट्या लपवीत होते, तो माणूस पाट्या वाचून अक्षर शिकलेला होता. मी सातवी शिकलेली, म्हणजे त्यांच्याहून शाळा जास्तच पाहिलेली! त्यांना माझ्या शुद्धलेखनाशी काही कर्तव्य नव्हते. त्यांना मोठी मायची रात्र पाहिजे होती. मला हे तेव्हा ठाऊक असते तर मी त्याच दुपारी पाकीट टाकले असते. पण ठाऊक नव्हते हेही निमित्तच. दादांनी मागितले होते, माझ्या आजीने विचारले होते, एवढे पुरे होते.

पुढची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या समोर घडली आहे. २०१६ सालचा उन्हाळा आठवा. नळाला पाणी नाही, टँकरची वाट पाहत घागरींची रांग लावून आपण रात्र-रात्र बसत होतो. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. दोनच दिवसांनी बाबासाहेबांची सव्वाशेवी जयंती होती. त्या रांगेत कुणीतरी महाडच्या चवदार तळ्याचे गाणे काढले. १९२७ साली पाण्यासाठीच तो सत्याग्रह झाला, आणि आम्ही घागर घेऊन बसलेल्या, गाणे अगदी जागेवर बसले. ते संपले तशी माळकरी आक्कांनी विठ्ठलाची ओवी काढली. मग आपल्या खाला लग्नातली दखनी गाणी म्हणू लागल्या. आणि औशाकडच्या काकूंनी ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या ओव्या म्हटल्या. गणपती बोळवून दमून निजलेले गाव, पहाटे चारच्या आधी हललेली भुई, आणि ढिगाऱ्यात सापडलेला पाळणा. रांगेतल्या सगळ्या बाया गप्प झाल्या. टँकर आला तरी क्षणभर कुणी उठले नाही.

मला एकदम मोठी मायचे जाते ऐकू आले. मी घरी पळाले, लेकराची वही आणि पेन्सिल आणली, आणि तिथेच घागरीवर वही ठेवून काकूंच्या ओव्या उतरून घेतल्या. त्या म्हणाल्या तशा, त्यांच्या बोलीत. एकही शब्द सुधारला नाही. काकू आज आपल्यात नाहीत. त्यांच्या एकोणीस ओव्या आहेत.

तेव्हापासून मंडळाच्या कपाटात ज्या चार वह्या तुम्ही पाहता, त्या अशा सुरू झाल्या. बरे, हे काम फक्त आपणच करतो आहोत असे नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. १९९६ साली त्या ध्वनिमुद्रित झाल्या. म्हणजे माझी मोठी माय नांदेडला दळत होती त्याच सुमारास. हे कळले तेव्हा आनंद झाला आणि काळजात कळही आली. माजलगावच्या बायांचे राहिले, माझ्या आजीचे गेले. तिच्यासाठी पुण्याहून कुणी यायची गरज नव्हती. लिहिणारी पोर समोरच खुंटा धरून बसली होती.

म्हणून माझे मंडळाला हात जोडून एक मागणे आहे. आपल्या प्रत्येकीच्या घरी, शेजारी, माहेरी एखादी म्हातारी आहे. तिला ओव्या येतात, पाळणे येतात, भुलईची गाणी येतात. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत प्रत्येकीने एकीची तरी गाणी लिहून आणावीत. मोबाईलवर आवाज घ्या, तो फार मोलाचा आहे, परंतु कागदावरही उतरा. मोबाईल बिघडतो, बदलतो, आतले सगळे पुसून जाते, हे आपण पाहिले आहे. लिहिताना म्हणणारीचे नाव, गाव आणि तारीख लिहा. दादा आपल्या गाण्याच्या शेवटी आपले नाव घालीत, म्हणून आज ते गाणे कुणाचे ते कळते. आपल्या आया-आज्यांनी नाव घातले नाही. ते आपण घालू. आणि शुद्धलेखनाला भिऊ नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नुसते सांगावे, मी येऊन लिहून घेईन. दुपारी दोन ते चार मी मोकळी असते.

माझ्या त्या वहीच्या शेवटच्या पानावर दादांचा पत्ता आहे. आरशामागचे पाकीट अजून पेटीत आहे, कोरेच. ते पाहिले की वाईट वाटते, पण मी ते टाकून देत नाही. उद्या-परवा लिहू असे मनात आले की मी पेटी उघडून ते पाहते, आणि वही घेऊन निघते.

बोलण्यात काही चुकले असेल तर पदरात घ्यावे. मोठी मायच्या उरलेल्या दोन ओव्या चौथ्या वहीच्या पहिल्या पानावर, तिच्या नावानिशी लिहून ठेवल्या आहेत. ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी कार्यक्रम झाल्यावर जरूर पाहाव्यात.